आमची वाटचाल: एका दिव्यापासून लाल-निळ्या जोडीपर्यंत

१९९८ साली नाशिकच्या द्वारका भागाजवळ एका टपरीवजा दुकानात मी ट्रक-टेम्पोचं वायरिंग करायला सुरुवात केली. हॉर्न, डायनामो, सेल्फ, जे येईल ते. रुग्णवाहिकेचं पहिलं काम २००३ च्या कुंभमेळ्याआधी आलं आणि तिथून आम्ही टपावरच्या इशारा-दिव्यांच्या धंद्यात शिरलो. तेव्हाचा दिवा म्हणजे आत हॅलोजनचा बल्ब, त्याभोवती मोटरवर फिरणारा आरसा आणि वर रंगीत डोम. रंग गिऱ्हाईक सांगेल तो.

तिथेच आम्ही फसलो. एका रुग्णालयाने निळे दिवे मागितले, आम्ही बसवून दिले. पंधरा दिवसांत ड्रायव्हर गाडी घेऊन दारात. म्हणाला, "शेठ, भर उन्हात दिवा चालू आहे का बंद, तेच कळत नाही. लोक बाजूला होणार कसे?" त्याचं खरं होतं. हॅलोजनच्या उजेडात निळा अंश मुळातच थोडा, आणि निळा डोम बाकीचे रंग अडवून धरतो. बाहेर पडणार ते काय? सगळे दिवे पदरमोड करून बदलून दिले. पण ते पंधरा दिवस त्या गाड्यांतून कोण कोण गेलं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

एलईडी आली आणि गणित बदललं. निळी एलईडी निळाच उजेड देते, गाळायचं काही राहत नाही. तोवर आम्ही नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला होता. एका संध्याकाळी मागच्या रस्त्यावर खांबाला सारख्याच वॅटचे दोन दिवे लावले, एक लाल, एक निळा, आणि तीनशे पावलं लांब जाऊन आम्ही चौघं उभे राहिलो. ऊन होतं तोवर लालच उठून दिसत होता. दिवेलागणीनंतर निळा वर यायला लागला. अंधार पडल्यावर मी नजर मुद्दाम बाजूच्या भिंतीवर ठेवली, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून निळा खुणावत होता. लाल मात्र जाणाऱ्या ट्रकच्या टेललाइटांत मिसळून गेला. अंधारात डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना निळसर उजेड जास्त जाणवतो, लाल जवळजवळ नाहीच. याला पुर्किंजे परिणाम म्हणतात, हे मला नंतर कळलं. शिवाय रंगांधळेपणाच्या एका प्रकारात माणसाला लाल दिवा मुळातच मंद दिसतो. म्हणून एकट्या रंगावर आम्ही विसंबत नाही. दिवसासाठी लाल, रात्रीसाठी निळा, दोन्ही एकाच लाइटबारमध्ये, म्हणजे टपावरच्या लांब दिवापट्टीत.

कसारा घाटातल्या धुक्यासाठी खास रंग मागणारे पुष्कळ येतात. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, तिथे रंगाने फारसा फरक पडत नाही. रात्री प्रखर पांढरा फ्लॅश उलट समोरच्याचे डोळे दिपवतो आणि रस्त्यावर उतरलेल्या आपल्याच माणसाला झाकून टाकतो. म्हणून गाडी उभी असताना उजेड कमी करणारं वेगळं बटण आम्ही प्रत्येक लाइटबारला देतो, मागितलं नाही तरी.

१ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. आमच्या फडताळात तसले बरेच दिवे पडून राहिले, नुकसान झालं. पण निर्णय योग्यच होता. दिवा दिसला की आत कुणाचा तरी जीव अडकलाय, असंच लोकांना वाटलं पाहिजे. म्हणून खासगी गाडीला निळा-लाल दिवा आम्ही बसवत नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. टोइंगच्या क्रेनला केशरी.

सध्या हातात २०२७ च्या कुंभाचा विचार करून काढलेला नमुना आहे. रामकुंडाकडच्या गर्दीत माणूस गाडीच्या अगदी पुढ्यात उभा असतो, टपावरचा दिवा त्याच्या डोक्यावरून जातो. म्हणून गाडीच्या पुढच्या जाळीत, कमरेच्या उंचीला, दोन छोटे दिवे बसवतोय. पहिली गाडी गाळ्यात उभी आहे, वायरिंग निम्मं झालंय.