ऑफ म्हणजे नुसतं बंद नव्हे: 'पुट ऑफ' शिकतानाचा माझा अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅच आणि एक्स्पोर्टचं काम बघते. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, गार झालं की फेटलिंगला जातं, तिथं घासूनपुसून साफ होतं. मग तपासणी, मग रंग, मग पेटी. गिऱ्हाईक इंग्लंडचं असलं की पहिल्या लॉटच्या वेळी त्यांचा माणूस स्वतः येतो आणि माल रंगाच्या आधी बघतो, कारण रंग बसल्यावर बारीक चीर नजरेला पडत नाही.

असाच एक माणूस शुक्रवारी यायचा होता. बुधवारी संध्याकाळी मेल आला, "वी आर पुटिंग ऑफ फ्रायडेज व्हिजिट, विल कन्फर्म सून." मी वाचला आणि साहेबांना सांगितलं, "सर, व्हिजिट रद्द झाली." लहानपणापासून आम्ही 'लाईट ऑफ कर', 'पंखा ऑफ कर' असंच बोलत आलोय. सुट्टी असली तरी 'आज माझा ऑफ आहे' म्हणतो. भेट ऑफ म्हणजे भेट बंद. 'कन्फर्म सून' म्हणजे रद्द झाल्याचं रीतसर कळवतील, असा मी अर्थ लावला.

साहेबांनी चाळीस नग रंगाला सोडले. सोमवारी दुसरा मेल आला, आमचा माणूस बुधवारी सकाळी पोहोचतोय.

फेटलिंगचे मामा आणि त्यांच्याबरोबरचे तिघे वायर ब्रश घेऊन बसले. मामा मला म्हणाले, "मॅडम, रंग द्यायला येक दिस लागतोय, काढायला दोन. पर व्हतंय, तुम्ही घरी जावा." मी गेले नाही. थिनरच्या वासात रात्री साडेदहापर्यंत तिथंच होते. त्या दिवशी मला कुणीच काही बोललं नाही आणि तेच जास्त लागलं. माझ्या एका शब्दाच्या चुकीची मजुरी चार माणसांच्या मनगटांनी भरली होती.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं, तेव्हा मी आठवीत होते. दहावीला फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ऑफ, अप असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलणारी क्रियापदं, यांची एक यादी पाठ केली होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. त्या यादीत पुट ऑफ होतंच. 'लांबणीवर टाकणे' हा अर्थ मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले असतील. पण वाक्यात तो शब्द समोर आला तेव्हा यादी आठवली नाही, घरातलं बटण आठवलं. म्हणून सांगते, यादी पाठ करून हे जमत नाही. मी पुन्हा एकदा तेच करून पाहिलं, मोबाइलवर पन्नास फ्रेझल व्हर्ब उतरवून घेतली आणि आठ दिवसांत त्यातली चारसुद्धा उरली नाहीत.

शेवटी गल्लीतल्या निवृत्त बाईंकडे गेले. त्यांनी आम्हाला नववीत इंग्रजी शिकवलं होतं. मी सगळं सांगितलं. बाईंनी आधी मला मराठीच विचारलं. "मनावर घेणं, अंगावर घेणं, फैलावर घेणं. घेणं तर एकच आहे ना गं? मग परक्या माणसाला तू कसं समजावशील?" मी म्हटलं, वाक्यात सांगेन. "मग तूही वाक्यातच शीक. आठवड्याला एक क्रियापद. आणि वाक्य त्या दिवशी तुझ्या बाबतीत घडलेलंच पाहिजे, पुस्तकातलं चालणार नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी पेनाचं टोपण काढून दाखवली. टोपण उचललं, म्हणाल्या, हे ऑफ. चप्पल पायातून काढली, ऑफ. बसमधून उतरलीस, ऑफ. ऑफचा मूळ अर्थ सुटणं, अंतर पडणं. बटण दाबल्यावर विजेचा जोड सुटतो म्हणून दिवा विझतो, बंद होणं हा त्याचा एक परिणाम. आता पुट ऑफ बघ. भेट इथून उचलली आणि लांब नेऊन ठेवली. आपण काय म्हणतो? पुढे ढकलली. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोरून तो मेल पुन्हा गेला. भेट कुठंच गेली नव्हती, फक्त लांब ठेवली होती. खरोखर रद्द करायचं असतं तर त्यांनी 'कॉल ऑफ' लिहिलं असतं.

मग मी फुलस्केप वही केली. पहिल्या आठवड्यातली वाक्यं अशी होती. दाढ दुखत असूनही मी डॉक्टरकडे जाणं टाळत होते, म्हणून "आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट." मी आधी 'पुट ऑफ टू गो' लिहिलं होतं, बाईंनी ते खोडलं. ऑफच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला इंग लागतं, टू चालत नाही. दुसरं वाक्य, "वुई पुट ऑफ द पेमेंट लास्ट वीक." भूतकाळातही पुट तसंच राहतं, त्यामुळे काळ बाकीच्या शब्दांवरून ओळखायचा.

सगळ्यात जास्त दिवस 'इट'नं घेतले. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं आणि 'पुट द मीटिंग ऑफ'सुद्धा चालतं. पण मीटिंगच्या जागी इट आलं की ते मध्येच बसलं पाहिजे. 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. बाईंनी ते मला मोठ्यानं म्हणायला लावलं. म्हणताना जोर ऑफवर येतो, इट हलकं पडतं. वीस वेळा म्हटल्यावर उलटं वाक्य माझं मलाच खटकायला लागलं. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात ही खूण दिलेलीच असते, 'पुट समथिंग ऑफ' असं समथिंग मध्ये लिहिलेलं असतं. इतकी वर्षं मी ते कधी नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याच क्रियापदाचा वेगळा अर्थ समोर आला. थिनरच्या वासानं त्या रात्री माझा डबा तसाच परत गेला होता, त्यावर बाईंनी वाक्य दिलं, "द स्मेल पुट मी ऑफ माय फूड." जेवणावरून मन उडालं. आणि कुणी टक लावून बघत असेल आणि कामातलं लक्ष उडत असेल तर "यू आर पुटिंग मी ऑफ." मन उडतं, लक्ष उडतं, दोन्हीकडे ऑफ. आपलं 'उडणं' आणि त्यांचं 'ऑफ' इतकं जवळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अर्थ ओळखायची सोपी खूण म्हणजे पुटच्या पुढे काय आलंय ते बघायचं. काम, भेट, तारीख आली तर सहसा पुढे ढकलणं. माणूस आला तर बहुतेक वेळा मन किंवा लक्ष उडणं.

एका जागी मात्र मराठीनंच मला अडवलं. पुढच्या ऑर्डरच्या वेळी मीच पहिल्यांदा लिहिलं, "कॅन वुई पुट इट ऑफ अनटिल ट्यूजडे?" उत्तर आलं, "शुअर, लेट्स पुट इट बॅक टू वेन्सडे." बॅक म्हणजे मागे. मागे म्हणजे अलीकडे ना? पण मंगळवारच्या अलीकडे बुधवार कसा येईल? शब्दकोश काढला तर इंग्लंडमध्ये तारखेच्या बाबतीत पुट बॅक म्हणजे पुढे ढकलणंच. आणि 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणं, ज्याला आपण ऑफिसात प्रीपोन म्हणतो. आपल्या 'पुढे'ला त्यांचं 'बॅक' आणि आपल्या 'अलीकडे'ला त्यांचं 'फॉरवर्ड'. फॉरवर्ड वाचून मराठी माणूस हमखास पुढची तारीख धरणार. हे दोन शब्द मी टेबलावरच्या कॅलेंडरवर बाण काढून चिकटवून ठेवलेत. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीलाही पहिल्या दिवशी तेच दाखवलं.

तेव्हापासून तारखेचा कुठलाही मेल आला की मी उत्तरात वार आणि तारीख दोन्ही लिहून विचारते, "सो वुई मीट ऑन वेन्सडे, द १८थ, करेक्ट?" त्यांचं 'येस' आल्याशिवाय एकही नग रंगाला जात नाही. मामा रंगखात्याच्या दारातून विचारतात, "आलं का येस?"

वहीत सध्या 'पुट अप विथ' चाललंय, सोसणं, खपवून घेणं. दोन वाक्यं झालीत. तिसरं त्या रात्रीच्या वायर ब्रशवाल्या चौघांवर लिहायचंय. बाईंना दाखवण्याआधी ते मामांना मराठीत वाचून दाखवणार आहे.