मोटरचा कंट्रोलर, नोंद ५ : उणे दोन म्हणजे पाणी नव्हे

टाकीतलं पाणी पाहून मोटर आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर मी बनवतोय. मागच्या नोंदीत गच्चीवरच्या टाकीला, आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर बसवून झाला होता. त्यानंतर तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका गुरुवारी सकाळी आईने खालून हाक मारली, "अरे, नळाला थेंब नाही!" पिको डब्ल्यूच्या (कंट्रोलर चालवणारा छोटा बोर्ड) छोट्या स्क्रीनवर मात्र टाकी काठोकाठ भरलेली दिसत होती.

वर जाऊन झाकण उघडलं. तळाला चार बोटं पाणी. सेन्सरची एको वायर (परत आलेल्या लहरीचा सिग्नल बोर्डाला देणारी) कनेक्टरमधून निघून लोंबकळत होती. वायर निघते, त्यात नवल नाही. पण वायर निघाल्यावर टाकी 'भरली' कशी, हे शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला, आणि ही नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे.

मायक्रोपायथनमध्ये (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) एकोचा पल्स, म्हणजे लहर जाऊन परत यायला लागलेला वेळ, मोजायला टाइम-पल्स-यूएस हे फंक्शन वापरतात. ते मायक्रोसेकंद परत देतं. त्याला ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. मी ३०,००० मायक्रोसेकंदांची मुदत दिली होती. पल्स सुरूच झाला नाही तर हे फंक्शन उणे २ देतं आणि सुरू होऊन मुदतीत संपला नाही तर उणे १. एक्सेप्शन (चूक झाली म्हणून प्रोग्राम अडवणारी सूचना) उठवत नाही, नुसता आकडा देतं. माझ्या कोडने तो उणे २ निमूटपणे ५८ ने भागला. अंतर आलं उणे ०.०३. सेन्सर तळापासून १२५ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे पाण्याची पातळी १२५.०३! माझी 'भरली'ची खूण ९५ वर आहे. (हा वॉटरप्रूफ सेन्सर २५ सेंटिमीटरच्या आतलं नीट मोजत नाही, म्हणून खूण मुद्दाम खाली ठेवली आहे.) १२५.०३ हे ९५ पेक्षा जास्त, म्हणून मोटर लावायची नाही. हिशेबात कुठेही चूक नाही. फक्त तो हिशेब पाण्याचा नव्हता.

हे कळलं तेव्हा एरियान ५ आठवलं. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि साधारण चाळीस सेकंदांत ते नष्ट झालं. ६४ बिटांची फ्लोट (दशांशाची) संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ती मावली नाही, हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडताना तिने बिघाडाची माहिती बाहेर पाठवली, आणि मुख्य कॉम्प्युटरने ती उड्डाणाचीच आकडेवारी समजून नोझल वळवले. बिघाडाचा निरोप मोजमाप म्हणून वाचला गेला. माझ्या टाकीत अगदी तेच झालं होतं.

म्हणून पहिली दुरुस्ती: मोजणाऱ्या फंक्शनमधून आता दोनच गोष्टी बाहेर येतात, खरं अंतर किंवा एक्सेप्शन. उणे आकडा आला, २५ च्या आतलं अंतर आलं किंवा तळापेक्षा लांबचं आलं, तर तिथेच माझा स्वतःचा 'सेन्सर एरर' उठतो. वरच्या कोडला तो आकडा दिसतच नाही.

दुसरी दुरुस्ती मला या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त आवडली. आधी माझ्या डोक्यात इव्हेंट वेगळे आणि एरर वेगळे होते. बटण दाबलं, पाणी कमी झालं, पाणी भरलं हे इव्हेंट. आणि एरर म्हणजे ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथनमधली एरर पकडायची रचना) गुंडाळून बाजूला सारायची गोष्ट. आता 'सेन्सर गप्प' हासुद्धा त्याच रांगेत पडणारा चौथा इव्हेंट आहे. सलग तीन मोजण्या फसल्या की तो रांगेत जातो. मोटर चालू असेल तर बंद होते, बझर वाजतो, आणि कंट्रोलर 'शंका' नावाच्या अवस्थेत जातो. त्या अवस्थेत आपोआप काहीही सुरू होत नाही. बटण दाबलं तर मोटर फक्त पंधरा मिनिटं चालते. घरात पाणी हवं, पण टाकी वाहून गच्चीतून ओल उतरायला नको, यातला हा मधला रस्ता आहे.

बटणाचं थोडक्यात. एका दाबण्याला मला सहा-सहा इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवणारे इशारे) मिळत होते, बटणाच्या आतली पट्टी थरथरते म्हणून. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये आता फक्त वेळ नोंदवतो आणि एक फ्लॅग वर करतो. ५० मिलिसेकंदांच्या आतलं सगळं सोडून देतो. एकदा हौसेने हार्ड इंटरप्ट (तत्क्षणी चालणारा) लावून आत स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडायला गेलो तर मेमरी एरर आला, कारण तिथे नवी मेमरी घेता येत नाही. बटणासाठी सॉफ्ट इंटरप्ट (जरा सवडीने चालणारा) पुरतो. आणि नोंदवलेल्या दोन वेळांमधला फरक काढताना साधी वजाबाकी करू नका, टिक्स-डिफ हे फंक्शन वापरा. पिकोवर वेळ मोजणारा मिलिसेकंदांचा काउंटर साधारण साडेबारा दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. टेबलावर दोन तास चाचणी घेऊन ही चूक कधीच सापडणार नाही.

आता नुसत्या एक्सेप्टबद्दल. मोबाइलवर निरोप पाठवणाऱ्या भागात मी 'एक्सेप्ट, पास' (कुठलीही एरर आली तरी सोडून पुढे जा) असं लिहून ठेवलं होतं, वाय-फाय गेलं तरी मोटर अडू नये म्हणून. हेतू बरोबर होता. पण नाव न देता लिहिलेलं एक्सेप्ट कंट्रोल-सी हा थांबायचा हुकूमसुद्धा गिळतं, त्यामुळे थॉनीमधून (कॉम्प्युटरवरचा कोड लिहायचा एडिटर) प्रोग्राम थांबता थांबत नव्हता. शिवाय त्याच भागात मी एका व्हेरिएबलच्या नावात चूक केली होती, तीही त्याच्याच पोटात गेली. तीन आठवडे एकही निरोप गेला नव्हता आणि मी समजत होतो की राउटर कच्चा आहे. आता तिथे फक्त ओएस-एरर (नेटवर्क तुटण्यासारख्या एरर) पकडतो. बाकी सगळं वर जाऊ देतो. तिथे फाइनलीमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) रिले, म्हणजे मोटरचा स्विच, सोडला जातो आणि एररची ओळ फाइलमध्ये लिहिली जाते.

वॉचडॉगही लावला, म्हणजे प्रोग्रामकडून ठराविक मुदतीत इशारा आला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर. पिकोवर त्याची मुदत जास्तीत जास्त ८,३८८ मिलिसेकंद, आणि एकदा सुरू केला की थांबवता येत नाही. त्यामुळे सॉकेटची (नेटवर्क जोडणीची) मुदत ५ सेकंदांवर आणावी लागली, नाहीतर सर्व्हरची वाट पाहता पाहताच बोर्ड रीसेट होत होता. वॉचडॉगला टायमरच्या इंटरप्टमधून खाऊ घालायचा, म्हणजे तो इशारा द्यायचा, मोह टाळला. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, मग पहारा कशाचा? रिले मॉड्यूल हाय-ट्रिगरचं (सिग्नल मिळाला तरच चालू होणारं) आहे, म्हणून रीसेट झाल्यावर मोटर बंदच राहते.

काल संध्याकाळी मोटर चालू असताना एको वायर मुद्दाम उपटली. तिसऱ्या मोजणीला रिले सुटल्याचा आवाज आला, बझर वाजला आणि स्क्रीनवर पातळीच्या जागी नुसती रेघ आली. आई जिना चढून वर आली, "हे काय वाजतंय?" म्हणत. वायर परत लावली, सलग पाच मोजण्या नीट आल्या, बझर थांबला.

पुढचं काम हौदाचं आहे. खाली पाणी नसताना मोटर कोरडी फिरते, ते मोटरच्या करंटवरून ओळखायचं आहे. करंट सेन्सर मागवलाय.