मालत्साइट! म्हणजे ‘या जेवायला’, पण बोलावणं नाही

जर्मनीतल्या ऑफिसात किंवा कारखान्यात सकाळचे अकरा वाजून गेले की ‘गुटन मॉर्गन’ एकाएकी बंद पडतं. लिफ्टमध्ये, जिन्यावर, प्रिंटरपाशी जो कोणी समोर येईल तो मान किंचित हलवून म्हणतो, ‘मालत्साइट!’ आपणही म्हणायचं, ‘मालत्साइट!’ झालं. दोघं आपापल्या वाटेला. समोरचा जेवायला निघालाय, जेवून आलाय की आज त्याचा उपास आहे, कशाशी काही देणंघेणं नाही. दोनच्या सुमाराला हा शब्द आला तसा निघून जातो.

उच्चाराचं म्हणाल तर त्यातला ‘त्सा’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च. मराठी माणसाला तो आयता येतो. माझ्या टीममधला दिल्लीकर अजूनही ‘मालसाइट’ म्हणतो आणि मला दर वेळी बांधकामावर सिमेंटचा ट्रक आल्यासारखं वाटतं.

‘माल’ म्हणजे जेवण, ‘त्साइट’ म्हणजे वेळ. पूर्वी पूर्ण म्हणायचे ते ‘गेझेग्नेटे मालत्साइट’, म्हणजे तुमच्या जेवणाला आशीर्वाद लाभो. पुढे आशीर्वाद गळाला आणि नुसती जेवणाची वेळ उरली.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं काय, तर ‘जेवलात का?’ नव्हे. तो प्रश्न असतो, त्याला उत्तर लागतं, आणि उत्तरामागून ‘काय केलं होतं आज?’ येतंच. जवळचं आहे ते ‘या जेवायला’. रेल्वेत डबा उघडून बसलेला माणूस समोरच्या अनोळखी प्रवाशाला ‘या जेवायला’ म्हणतो आणि समोरच्यानं ‘होऊ द्या, सावकाश होऊ द्या’ म्हणायचं असतं. तो खरोखरच सरकून शेजारी बसला तर दोन पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीत दोघांचं भागायचं कसं, हा प्रश्न सहसा येत नाही, कारण दोघांनाही रीत ठाऊक असते. फरक एवढाच की ‘या जेवायला’मध्ये निदान नावापुरतं बोलावणं असतं. जर्मन माणूस नावापुरतंही बोलवत नाही. मला हे बरं वाटतं. नको-नको म्हणायचे कष्ट वाचतात.

पण साडेअकराला जेवण? पुण्यात या वेळी आम्ही दुसरा चहा घेत असू. इथे सकाळची पाळी सहाला लागते, ऑफिसवालेही कित्येक जण सात-साडेसातला खुर्चीत असतात. शिवाय मधल्या सुटीची वेळ कायद्यानं बांधलेली आहे: सहा तासांहून जास्त काम असेल तर किमान ३० मिनिटं, नऊ तासांहून जास्त असेल तर ४५. ही मिनिटं कामाच्या तासांत धरत नाहीत. त्यामुळे टेबलावर रेंगाळणारा माणूस विरळा.

कँटीनला इथे ‘कांटीने’ म्हणतात. मी श्टुटगार्टजवळ राहते (मुंबईचं हे १९६८ पासूनचं जुळं शहर), तेव्हा आमच्या भागाचा मान ‘लिन्झन मिट श्पेट्झले’ला. म्हणजे मसुराची दाट उसळ, बाजूला अंड्याच्या पिठाच्या बुटक्या शेवया आणि वर लांबलचक सॉसेजची जोडी. मी सॉसेजची जोडी परत करते. व्हिनेगरची बाटली टेबलावरच असते आणि उसळीवर ते सढळ हातानं शिंपडतात. पहिला घास नाकात जातो, पण पुढे सवय होते. उशिरा आलेला माणूस ट्रे ठेवताना प्रत्येकाला वेगळं अभिवादन करत नाही, बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक करतो. सगळे बसल्यावर मात्र ‘गुटन आपेटीट’ म्हणायचं. ऑस्ट्रियात तिथेही ‘मालत्साइट’च चालतं.

कांटीनेच्या जेवणाला इथले लोक किती मानतात याचा नमुना म्हणजे फोक्सवॅगन. ही कंपनी १९७३ पासून स्वतः सॉसेज बनवते आणि त्याला गाडीच्या सुट्या भागासारखा क्रमांकही आहे: १९९ ३९८ ५०० ए. २०२१ साली वोल्फ्सबुर्गच्या एका कांटीनेमधून करीवुर्स्ट (करी-सॉस घातलेला हा सॉसेज) काढून टाकला, तर माजी चॅन्सलर गेरहार्ड श्रोडर जाहीरपणे त्याच्या बाजूनं उभे राहिले. २०२३ मध्ये तो परत आला.

सगळ्यांनाच हे अभिवादन आवडतं असं नाही. आमच्यातली तरुण मंडळी ‘हालो’ म्हणतात; त्यांना ‘मालत्साइट’ म्हणजे निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्कचा शब्द वाटतो. उत्तरेकडचे तर दिवसभर ‘मोइन’वर भागवतात. टोमणा म्हणून मात्र तो सगळ्यांच्या तोंडी आहे. शुक्रवारी दुपारी सर्व्हर बसला की कोणीतरी खुर्चीत मागे रेलून म्हणतं, ‘ना दान, प्रोस्ट मालत्साइट!’ अगदी आपलं ‘झालं कल्याण!’

संध्याकाळी शब्द बदलतो. उत्तरेला ‘आबेंटब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा पाव. आमच्या श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टकडच्या मुलखात, ‘फेस्पर’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ संध्याकाळ, चर्चमधली सांजप्रार्थनाही तीच. पण इथला गवंडी सकाळी नऊलाही फेस्परच खातो, त्याला कोणी हटकत नाही. घरी प्रत्येकापुढे एक लाकडी फळी. तिच्यावर राय नावाच्या धान्याचा काळपट पाव, लोणी, चीज, मुळा, आंबवलेली काकडी. चूल पेटत नाही. गरम जेवण दिवसातून एकदा झालं की पुरे, असा जुना हिशेब. पावाचे इथे तीन हजारांहून जास्त प्रकार नोंदवलेले आहेत आणि २०१४ मध्ये देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत पाव-संस्कृती गेली, तेव्हा त्याला थंड जेवण म्हणून नाक मुरडायची सोय नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की विचारतात, ‘हाबन झी शोन गेफेस्पर्ट?’ फेस्पर झाला का? म्हणजे ‘जेवलात का?’ इथेही आहे, फक्त तो ऑफिसात आणत नाहीत. आजींना खरंखुरं उत्तर हवं असतं. ‘नाही’ म्हटलं की बागेतले मुळे हातात पडतात.

पंचाईत होते ती आईची. उन्हाळ्यात इथे सहा वाजले की तिकडे साडेनऊ. ती सगळं आवरून फोन लावते.

‘जेवलीस?’

‘हो, आत्ताच. पाव, चीज, मुळा.’

‘ते झालं मधल्या वेळचं. जेवायला काय केलंस?’

फेस्पर, आबेंटब्रोट, अमूर्त वारसा, सगळं समजावून झालं. आता मी वरण-भाताचा कुकर चढवून मगच फोन घेते. शिट्टी ऐकू गेली की पुढची चौकशी होत नाही.