चढावरची धाप

“रोज चालत जा, वजन उतरव, दम लागायचा नाही.” मधुमेहाच्या माणसाला हे ऐकवणारं कुणीतरी घरोघरी असतंच. आमच्याकडे ते खातं थोरल्या दिरांकडे आहे. माझं वजन जेमतेम पंचावन्न किलो आहे आणि चालणं कधीच चुकत नाही, हे त्यांच्या खिजगणतीत नाही.

साताऱ्यात राहायचं तर चढ टळत नाही. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरला की माझी मैत्रीण सुनेच्या तक्रारी सांगत चढते आणि मी नुसती ‘हूं’ म्हणते. वय सारखं, अंगकाठी सारखी, चालणंही बरोबरीचं. फरक एवढाच, की मला टाइप २ मधुमेह आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या ज्युडिथ रेगेनस्टायनर यांच्या गटाने हेच मोजलं. 1998 साली त्यांनी दाखवलं, की व्यायाम सुरू होताच शरीर ऑक्सिजन जास्त घ्यायला लागतं, पण मधुमेही बायकांमध्ये हा वेग मंद असतो, आणि त्याचं खापर नुसत्या वजनावर किंवा बैठेपणावर फोडता येत नाही. सकाळी नळ सोडला की आधी नुसता फुसफुसतो, धार मागून धरतो, तसं. माझी पहिली काही मिनिटंच सगळ्यात जड का जातात, ते मला यातून कळलं. शिवाय व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, मधुमेहात साधारण 15 ते 20 टक्क्यांनी कमी भरतो.

कारणं एकात एक गुंतलेली. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडलं की त्या हव्या तेव्हा पुरत्या रुंदावत नाहीत, स्नायूंना रक्त कमी पोचतं. हृदयाचा स्नायू ताठरला तर दोन ठोक्यांच्या मध्ये ते नीट भरत नाही. काहींच्या हृदयाच्या मज्जातंतूंवरच परिणाम होतो, मग कितीही चढलं तरी नाडी हवी तेवढी वाढत नाही. अशांना घड्याळातल्या ‘हार्ट रेट झोन’चा, म्हणजे नाडीवरून व्यायामाचा जोर ठरवण्याचा, उपयोग शून्य. चालताना वाक्य पुरं बोलता येतं का, एवढं बघावं.

मात्र धाप नव्याने लागायला लागली असेल तर आधी हृदय तपासून घ्या. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयविकार असू शकतो. मी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करून घेतली, मगच घाट चालू ठेवला.

ही क्षमता वाढते, ही त्यातली चांगली बाजू. त्याच गटाने 1999 मध्ये तीन महिन्यांच्या व्यायामानंतर ऑक्सिजन घेण्याचा वेग आणि कमाल क्षमता, दोन्ही सुधारल्याचं मांडलं. मी आता सपाटीवर आधी रमतगमत चालते, अंग तापलं की मग चढाला लागते.

मला फक्त मेटफॉर्मिन आहे, तिने साखर सहसा फार खाली जात नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते, त्यांनी मात्र खिशात काहीतरी गोड ठेवावंच. कंदी पेढा नको, खव्यामुळे साखर सावकाश चढते. ग्लुकोजची पूड बरी, नाहीतर घरातली साधी साखर.