आमची वाटचाल : १४ मालांवरून ३ वर

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं आयुर्वेदिक औषधांचं आमचं हे छोटं युनिट सुरू झालं तेव्हा यादीत १४ माल होते. आज ३ आहेत : क्षीरबला तेल, ब्राह्मी घृत म्हणजे औषधी तूप, आणि अश्वगंधा चूर्ण. धंदा वाढला की यादी वाढते असं समजतात, आमची कमी होत गेली. कारण साधं आहे. जी वनस्पती आम्हाला मुळापासून शेंड्यापर्यंत ओळखता येत नाही, तिचा माल करायचा नाही असं ठरलं, आणि मग ११ नावं आपोआप गळाली.

उरलेले तिन्ही एकाच तक्रारीभोवती फिरतात. अंग कोरडं पडलेलं, कंबर धरलेली, झोप तुटक आणि डोकं एका जागी न थांबणारं. आयुर्वेदात शरीराचे दोष वात, पित्त, कफ आणि मनाचे रज, तम असे वेगळे मोजले, तरी एकाचा बिघाड दुसऱ्यात उतरतो असंच धरलं आहे. वाताच्या कोरडेपणावर स्नेह म्हणजे तेल-तूप हा मुख्य उपाय. तेव्हा आमचं खरं काम भट्टीवरचं, आणि भट्टीवरच सगळं बिघडतं.

क्षीरबला तेलातली बला म्हणजे आपल्याकडचा चिकणा, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) कुठेही उगवतो. पान हृदयाच्या आकाराचं, हाताला मखमल लागते, फूल फिकट पिवळं. पण बाजारात बला म्हणून त्याच्या भावकीतल्या दोन-तीन झाडांची मुळंही येतात आणि वाळलेलं मूळ नुसतं पाहून फरक कळत नाही. म्हणून आम्ही सुटी मुळं घेणं बंद केलं. झाड पाना-मुळांसकट आणायचं, आमच्यासमोर तोडायचं. दिवाळीनंतर, बी पडून गेल्यावरच उपटायचं, नाहीतर पुढच्या वर्षी धुरा रिकामा. कपाशी-सोयाबीनला तणनाशक मारलेल्या वावराच्या कडेचा चिकणा कितीही दिसायला चांगला असला तरी घेत नाही.

ब्राह्मीत गोंधळ याहून मोठा. महाराष्ट्रात अनेक जण ब्राह्मी म्हणून जे दाखवतात ती मंडूकपर्णी असते : लांब देठ, गोलसर, कडेला दाते असलेलं पान. जलब्राह्मीचं पान बारीक, जाडसर, जवळजवळ बिनदेठाचं आणि चवीला कडू. दोन्ही वनस्पती चांगल्याच आहेत, पण एकीचं नाव लावून दुसरी बाटलीत भरली तर ती फसवणूक. लेबलवर आम्ही म्हणूनच शास्त्रीय नाव देवनागरीत छापतो : बाकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी.

आता तेलाचा पाक, म्हणजे तेल काढ्यात आणि दुधात आटवणं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याचं प्रमाण कल्क (वनस्पतीची वाटलेली चटणी) १, स्नेह ४, द्रव १६ असं आहे. १० लिटर तिळाच्या घाणीच्या तेलाला अडीच किलो चिकण्याच्या मुळाचा कल्क, ४० लिटर काढा आणि वर १० लिटर गाईचं दूध. काढ्यासाठी १० किलो भरडलेलं मूळ १६० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून ४० लिटर उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे १२० लिटर पाणी वाफ करून उडवायचं, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. लाकडावर आच सांभाळता येईना. आता गॅस आहे. भांड्यात माल तिसऱ्या हिश्शाच्या वर भरत नाही, कारण उकळी आली की फेस काठावरून उतरतो.

पहिल्या दिवशी काढा गाळून तेल आणि कल्क त्यात टाकून एक उकळी देतो. उन्हाळ्यात नुसता काढा रात्रभर ठेवला तर सकाळी आंबूस वास येतो, म्हणून त्याच दिवशी उकळीत घालतो. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर आटवणं. काढा आटत आला की तिसऱ्या दिवशी दूध. दूध पडलं की माणूस भांड्यापासून हलायचा नाही : दुधाचा खवा बुडाला धरतो, लाकडी उलथन्याने बूड खरवडत राहावं लागतं. एकदा खाली लागलं की करपट वास तेलात मुरतो आणि तो कशानेही निघत नाही. असा घाणा टाकूनच द्यावा लागतो.

पाक झाला हे ओळखायचं कसं? कल्क बोटांत वळला तर दिव्याच्या वातीसारखी वात व्हावी, आणि ती विस्तवावर धरली तर तडतडू नये. तडतडली म्हणजे पाणी बाकी. मात्र दुधाच्या पाकात वळण लवकर येतं, कारण खवाही वळतो. म्हणून विस्तवाची परीक्षा खरी धरतो आणि जोडीला थर्मामीटर. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास अडून राहतं, पाणी संपत आलं की चढायला लागतं. ११० ला आच बंद. तुपावर हात बसलेला कारागीर तेलावर हमखास चुकतो : तुपात पाक झाला की फेस शमतो, तेलात उलट फेस उठतो. फेस पाहून पाणी आहे असं समजून तो आच चालू ठेवतो, आणि पाक खर, म्हणजे जास्त आटलेला, होतो. खर पाक मालिशेला चालतो, पण नस्याला, म्हणजे नाकात थेंब घालायला, नाही. तिथे मृदू, म्हणजे कमी आटलेला, पाकच लागतो.

गाळायचं गरम असतानाच, दुहेरी सुती फडक्यातून. गार झाल्यावर भरताना बाटली ओली असेल तर दोन महिन्यांत तेल गढूळ होऊन खवट होतं. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच परत आलेल्या बाटल्यांचं कारण हेच निघालं, कच्चा माल नव्हे. आता बाटल्या धुऊन ओव्हनमध्ये वाळवतो.

अश्वगंधेची मुळं नीमचच्या मंडीतून येतात. जाड, पिठूळ, मोडल्यावर कट्कन तुटणारी. काडीसारखी चिवट मुळं स्वस्त पडतात, पण चूर्ण चोथ्यासारखं होतं. पावसाळ्यात दळत नाही, गाठी होतात.

वापराबद्दल विचारणा फार होते. तेल झोपण्याआधी तळपायाला, ५ ते १० मिली पुरे. बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट आचेवर नाही. नंतर पाय पुसा, नाहीतर रात्री फरशीवर घसराल. ताप, अपचन किंवा जिभेवर जाड थर असेल तर मालिश नाही. घृत आणि चूर्ण वैद्याला विचारूनच. थायरॉइड, झोपेच्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल तर अश्वगंधा परस्पर सुरू करू नका. आणि मन इतकं खचलं असेल की जगणंच नकोसं वाटतं, तर आमच्याकडे त्यावर बाटली नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, तो लावा.

आमच्या पत्रकात कुठल्या रोगावर हमखास गुण असं लिहिलेलं सापडणार नाही. १९५४ चा औषधं आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अशा जाहिरातींना आडवा येतो, हे एक. दुसरं, आम्हाला ते पटतही नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा घृत पातळ पाण्यासारखं दिसतं आणि थंडीत दाणेदार थिजतं. दोन्ही वेळा माल तोच आहे, परत पाठवू नका.