झेंग केश्वांगचं काय चुकलं?

तैवानमधल्या ताइनान शहरात झेंग घराण्यातला सेनानी कोशिंगा जागोजाग भेटतो. त्याचं देऊळ, त्याचे पुतळे, नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६६२ साली डचांनी त्याच्या हाती दिलेला किल्ला. मी मात्र तिथे फिरले ती त्याच्या नातवाचा, केश्वांगचा विचार करत. तुंगनिंगच्या, म्हणजे तैवानवरच्या झेंगांच्या राज्याच्या, या शेवटच्या राजाबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य वाचायला मिळतं: १६८३मध्ये चीनच्या मांचू राजवटीला शरण गेला.

कोण शरण गेला? तेरा वर्षांचा मुलगा!

वडील झेंग जिंग १६८१च्या मार्चमध्ये वारले. कारभार त्यांच्या थोरल्या मुलाच्या, केझांगच्या हातात होता आणि तो करारी होता, तीच दरबाऱ्यांची अडचण. दोन-तीन दिवसांत त्याला मारलं आणि धाकट्या केश्वांगला गादीवर बसवलं. या कटात पुढे होता फेंग शीफान, केश्वांगचा सासरा. वाचताना मला रायगड आठवला. राजाराम महाराजांचा जन्मही केश्वांगसारखा १६७०चाच, आणि त्यांनाही दहाव्या वर्षी दरबाऱ्यांनी थोरल्या भावाला डावलून गादीवर बसवलं होतं. पण तिथे सख्खा मामा हंबीरराव थोरल्याच्या बाजूने उभा राहिला. केझांगला असा कुणी मिळाला नाही.

पुढे १६८३च्या जुलैत पेंगहू बेटांजवळच्या समुद्रात झेंगांचं आरमार बुडालं. समोर होता मांचूंचा सेनापती शी लांग, एके काळी झेंगांच्याच पदरी असलेला. त्याचा बाप आणि भाऊ कोशिंगाने मारले होते. आरमार गेल्यावर बेटाकडे उरलं काय? मांचूंच्या आधी चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्यातल्या ज्या बादशहाच्या नावाने तिथे पंचांग चालत होतं, त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती, तरी बेटावर त्याच्याच राजवटीचं सदतिसावं वर्ष मोजत होते.

पाच राण्यांच्या देवळात मी बराच वेळ बसले. शरणागतीचं ठरल्यावर मिंग घराण्यातल्या राजपुत्राने गळफास घेतला, त्याच्या आधी त्याच्या या पाच राण्यांनी. त्यांची पूजा होते, आणि व्हावी. पण त्या मुलाने पुढचं डोकं भादरून मांचूंसारखी वेणी ठेवली, राज्य सोपवलं, आणि ताइनानच्या गल्ल्यांत कत्तल झाली नाही, हे मला लहान वाटत नाही. निर्णय मोठ्यांनी घेतला असेल, नाव मात्र त्याचं लागलं.

त्याला बीजिंगला नेलं, सरदारकी दिली, लष्करी तुकडीत नाव घातलं. १६९९मध्ये आजोबा आणि वडिलांच्या अस्थी तैवानहून फूच्येनमधल्या नान-आन या मूळ गावी हलवायला कांगशी या मांचू बादशहाने परवानगी दिली. ते दोघे गावी पोचले. केश्वांग बीजिंगमध्येच राहिला आणि १७०७ साली तिथेच गेला.