वीट सुटेना

सकाळी साडेनऊला पार्ल्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणताहेत, बाथरूमचं दार काल रात्रीपासून लागत नाही. त्यांच्या खालच्या घरात काम काढलंय. एकदा बघून जाल का?"

पावसाळा असता तर सुताराला बोलवा म्हटलं असतं. पण मार्च होता. मार्चमध्ये लाकूड फुगत नाही.

इमारत माझ्या ओळखीची. १९६२ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली करावी लागते. या इमारतीचं मीच केलं होतं, त्यामुळे तिथे एकही कॉलम, म्हणजे ओझं पेलणारा खांब, नाही हे मला ठाऊक होतं. सगळं ओझं नऊ इंची भिंतींवर, भिंतीवर भिंत, थेट पायापर्यंत.

मी आधी आजींकडे गेले. "अगं, कालपर्यंत बोटाने ढकललं तरी लागायचं," त्या म्हणाल्या. दार वरच्या कोपऱ्यात अडकत होतं. शेजारी, स्वयंपाकघर आणि हॉलमधल्या भिंतीवर दोन तडे होते. दोन टोकांनी निघून पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत मध्याकडे झुकलेले. तंबूच्या आकाराचे असे तडे दिसले की खालचा आधार गेलाय हे समजायला मोजमाप लागत नाही. विटा आपल्याआपण कमानीसारख्या एकमेकींना धरतात आणि ओझं बाजूंना ढकलतात. त्या कमानीनेच रात्र काढली होती.

मी धावत खाली दुसऱ्या मजल्यावर उतरले. बारा फुटी भिंतीतले आठ फूट पाडलेले होते. राडारोडा गोणींत भरलेला, आणि उरलेल्या चार फुटांशी एक माणूस घण टेकवून बसलेला.

"काम बंद. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत या बाजूची सगळी घरं रिकामी करा. आत्ता."

सुपरवायझर तरुण होता, उद्धट नव्हता. "मॅडम, इथे कॉलमच नाही. मग ही पार्टिशनच की. आणि हे टेनंटेबल रिपेअर्स आहेत, परवानगी लागत नाही."

तो खोटं बोलत नव्हता, तसंच तो शिकला होता. नव्या इमारतींत ओझं कॉलम-बीमवर असतं आणि भिंत बहुतेक वेळा नुसता पडदा असते. तो डोळा घेऊन जुन्या इमारतीत आलं की "कॉलम दिसत नाही" याचा अर्थ नेमका उलटा लागतो. कॉलम नाही म्हणजे भिंतच कॉलम. दाराच्या चौकटीपाशी टेप लावली असती तरी गिलाव्यासकट दहा इंचांच्या पुढे माप आलं असतं. नुसत्या आडोशाची साडेचार इंची भिंत सहाच्या वर जात नाही.

कायद्याचं तर त्याने अर्धंच वाक्य वाचलं होतं. त्याच कायद्याच्या कलम ३४२ खाली टेनंटेबल रिपेअर्सना, म्हणजे घरातल्या किरकोळ दुरुस्त्यांना, सूट आहे हे खरं. गिलावा, रंग, फरशी बदलणं, नळ-पाइप, संडास-बाथरूमची दुरुस्ती, हे सगळं त्यात येतं. पण काय येत नाही तेही तिथेच लिहिलंय. ओझं पेलणारी भिंत किंवा कुठलाही स्ट्रक्चरल भाग काढणं, इमारतीची आडवी-उभी मापं बदलणं, जमीन खाली घेणं, माळा किंवा पोटमाळा घालणं किंवा वाढवणं. यासाठी आधी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. सोसायटीने दिलेल्या ना हरकत पत्रातही फरशी, प्लंबिंग आणि रंग एवढंच होतं.

मी हिशेब केला. वरची भिंत तीन मीटर उंच, म्हणजे दर मीटरला साधारण सव्वा ते दीड टन. वर तिसऱ्याचा आणि गच्चीचा असे दोन स्लॅब, दोन्ही बाजूंच्या खोल्यांचा भार. आठ फुटांवर मिळून बारा-तेरा टन, आणि खाली मोकळी हवा.

साडेअकरापर्यंत वरच्या ओझ्याला टेकू द्यायचे लोखंडी जॅक आले. ते कुठे बसवायचे यात सगळं आहे. पाडलेल्या भिंतीच्या रेषेतच, म्हणजे बरोबर पहिल्या मजल्यावरच्या भिंतीच्या डोक्यावर. दीड फूट इकडे सरकले की बिचारा स्लॅब मध्येच दाबला जातो. वर आडवी जाड फळी, खाली आडवी फळी, आणि जॅक हळूहळू, एकाआड एक, हाताला लागेपर्यंतच आवळायचे. भिंत वर उचलायला गेलं तर नवे तडे जातात. त्या दोन तासांत माझ्या डोक्यात सतत घाटकोपर होतं. २५ जुलै २०१७ ला तिथली चार मजली इमारत सकाळी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता.

दुपारी वॉर्डाच्या इमारत व कारखाने खात्याचे अभियंता येऊन पाहणी करून गेले.

घरमालकीण जिन्यात उभी होती. सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, ते दिवसभर हॉलमध्ये पलंगावर. "मला ओट्यापाशी उभं राहून बाबा दिसायला हवे होते हो," ती म्हणाली. तिच्यावर रागवायला मला काही सुचलं नाही. बाबा तिला दिसायला हवेच होते, आणि ते होण्यासारखंही होतं. पुढे रीतसर परवानगी घेऊन भिंत परत बांधली. तिच्यात चार फुटांची मोकळीक ठेवली, वर दोन लोखंडी आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराच्या तुळया, टोकांना काँक्रीटच्या बैठका. ऑडिट अहवालात भिंतींबद्दल मी लिहिलं होतं, पण तो सेक्रेटरींच्या कपाटात होता. आता मी ओझं पेलणाऱ्या भिंती लाल रंगात दाखवलेला नकाशा करते आणि तो जिन्यात लावल्याशिवाय बिल देत नाही.

संध्याकाळी आजींच्या तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते. मग घणवाल्या माणसापाशी गेले. तो जालन्याकडचा. आठ फूट पाडून तू का थांबलास, असं विचारलं.

"ताई, आधी विटा भराभरा निघाल्या. मग वीट हाताला सुटंना. वरून कुणी दाबून धरल्यावानी. म्हनलं, ही भिंत जड हाय. ठिवला घण."

हे त्याने सुपरवायझरला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. काम अर्ध्यावर सोडलं म्हणून त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली होती. सुपरवायझरला मी तिथेच बोलावलं आणि आधी त्याचे पैसे त्याच्या हातात द्यायला लावले.

सकाळी सातला आजींचा फोन आला. दोन्ही काचा शाबूत होत्या.